गोम आणि जखम

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ज्यांनी केली आहे त्यांना तिचा समुद्राकडचा टप्पा आठवत असेल. डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या उतरायच्या आणि एकदम लाटांनी कोरून काढलेल्या खडकावर येऊन उभे राहायचे. भरतीची वेळ टाळूनच हा मार्ग धरावा लागतो. या खडकावरून घोडा नेण्याची कल्पना कुणी करणार नाही. जवळच्या पुळणीवर मात्र पर्यटकांना फिरवणारी घोडी असतात. त्यांतल्याच एका तांबड्या घोडीच्या पुढच्या पायाला, गुडघ्याखाली, हळदीने पिवळी झालेली पट्टी बांधलेली दिसली, तेव्हा एक साधा प्रश्न मनात आला. ज्या घराण्याचे हे कुलदैवत, त्या श्रीवर्धनच्या भटांच्या, म्हणजे पुढे पेशवे झालेल्यांच्या, फौजा घोड्यांच्या पायांवर अटकेपर्यंत गेल्या. त्या पायांना जखमा होत असणारच. त्या कोण बांधत असे, आणि कशाने? आपल्या इतक्या बखरींत, पत्रांत आणि शालिहोत्राच्या पोथ्यांत तो माणूस कोठे दिसतो?

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. घोड्याची सर्वांत अवघड जखम कोणती असे जाणत्या अश्ववैद्याला विचारले, तर तो छातीवरचा वीतभर घाव सांगणार नाही; गुडघ्याखालचा बोटभर चिरा सांगेल. कारण शरीराच्या रचनेतच आहे. घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो तो वास्तविक आपल्या मनगटाच्या जागचा सांधा. त्याखालची लांब नळी म्हणजे आपल्या तळहातातले मधले हाड, आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचे नख. तीन-चारशे किलोंचे जनावर चार नखांवर उभे असते. गुडघ्याखाली या पायात मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. हाडे, त्यांवरून दोरखंडासारख्या गेलेल्या कंडरा, सांध्यांच्या पिशव्या आणि वर ताणून बसवलेली कातडी, एवढाच ऐवज. रक्तपुरवठा बेताचा, हालचाल सततची, आणि माती व शेण वीतभर अंतरावर. पोटावरची किंवा मानेवरची जखम आकसून मिटते, कारण तिथली कातडी सैल असते. पायावर ओढून घ्यायला कातडीच शिल्लक नसते. म्हणून जखम मिटण्याऐवजी नुसती भरत जाते, आणि भरता भरता कडांच्या वर येते. लालभडक, दाणेदार, नुसत्या स्पर्शाने रक्त वाहू लागणारे पण न दुखणारे मांस फुगते, आणि भोवतीची कोवळी कातडी त्या उंचवट्यावर चढू शकत नाही. घोडा मरत नाही. महिनोन्महिने तो जखमेसह जगतो. फक्त कामाचा राहत नाही.

याहून फसवी जखम म्हणजे सांध्याजवळचे लहानसे छिद्र. काट्याने किंवा खिळ्याने पडलेले, रक्तही फारसे न आलेले. त्यातून फिकट पिवळा, बोटाला तार धरणारा द्रव झिरपू लागला की समजावे, सांध्याची किंवा कंडरेची पिशवी फुटली आहे. आजच्या शल्यगृहातही अशी जखम तासांच्या हिशेबाने हाताळतात. अठराव्या शतकातल्या छावणीत ती बहुधा घोड्याचा निकाल लावून जात असेल.

उपचारांचे म्हणाल तर पहिले आणि सर्वांत मोठे काम आजही धुण्याचेच आहे. लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, आणि त्या पाण्याची धार. ‘जखमेवर मीठ चोळणे’ हा वाक्प्रचार आपण क्रौर्यासाठी वापरतो, आणि चोळले तर ते क्रौर्यच. पण योग्य प्रमाणात विरघळवलेले तेच मीठ जखमेला साध्या पाण्यापेक्षा मानवते. धुतल्यावर जाड अस्तराची, सारख्या दाबाची पट्टी. वर आलेले मांस धारदार पात्याने कातडीच्या पातळीला आणणे. आणि धनुर्वाताची लस, कारण या रोगाला घोड्याइतके बळी पडणारे पाळीव जनावर दुसरे नाही. येथे एक विलक्षण फेरा आहे. बेहरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये बर्लिनमध्ये धनुर्वाताचा उतारा रक्तरसात असतो हे दाखवले, आणि तो उतारा माणसांसाठी मोठ्या प्रमाणावर तयार करायला पुढे घोडाच उपयोगी पडला. परळच्या हाफकिन संस्थेची सर्पदंशावरची लसही घोड्याच्याच रक्तरसाची. फुरसे चावलेल्या कित्येक कोकणी माणसांचे प्राण अशा घोड्यांनी वाचवले आहेत. असो.

आता ग्रंथांकडे वळू.

मराठीत ‘यात एक गोम आहे’ असे आपण सहज म्हणतो, आणि बोलताना डोळ्यांसमोर शंभर पायांचा किडा आणतो. पण या वाक्प्रचाराची गोम घोड्याच्या अंगावरची आहे. घोड्याच्या केसांत ठिकठिकाणी भोवरे असतात; त्यांतली लांबट, किड्यासारखी वळलेली ओळ म्हणजे गोम, आणि ती अशुभ. घोडा सुरेख, चाल चांगली, किंमत माफक, पण त्यात एक गोम आहे. उलट गळ्याखालचा देवमण नावाचा भोवरा इतका शुभ की इतर खोडी त्याने धुऊन निघतात अशी समजूत. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला घोडा पंचकल्याणी. त्याचे कौतुक तर लग्नाच्या वरातींतून अजून शिल्लक आहे. घोड्याविषयीच्या ज्ञानाने मराठी भाषेला जे शब्द दिले त्यांतला मोठा वाटा असा लक्षणांचा, शकुनांचा आणि खरेदी-विक्रीचा आहे. उपचाराने मराठीला काय दिले? एक ‘साळोत्री’ हा शब्द, तोही आता कोशात.

साळोत्री म्हणजे शालिहोत्र. अश्वविद्येचा हा आद्य आचार्य. सुश्रुताने प्रश्न विचारावेत आणि शालिहोत्राने उत्तरे द्यावीत, अशी या परंपरेच्या ग्रंथांची मांडणी. ऋषीचे नाव ग्रंथाला मिळाले, ग्रंथाचे शास्त्राला, आणि शास्त्राचे घोड्याच्या वैद्याला. शाहजहानच्या काळात याच परंपरेतला एक ग्रंथ फार्सीत उतरवला गेला आणि त्या फार्सीवरून जोसेफ अर्ल्स याने १७८८ साली कलकत्त्यात इंग्रजी भाषांतर छापले, त्याच्या नावातही ‘सालोतर’ आहेच. संस्कृतातले दोन महत्त्वाचे ग्रंथ, जयदत्ताचे अश्ववैद्यक आणि नकुलाच्या नावावरचे अश्वचिकित्सित, उमेशचंद्र गुप्तांनी कलकत्त्याच्याच ‘बिब्लिओथेका इंडिका’ मालेत १८८० च्या दशकात संपादित केले. नकुलाच्या नावावरचे अश्वशास्त्र तंजावरच्या सरस्वती महालाने रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केले आहे. मराठी राजांनी वाढवलेल्या ग्रंथालयात ते जपले गेले, ही आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

हे ग्रंथ चाळताना प्रथम जाणवतो तो त्यांचा तोल. आवर्त म्हणजे भोवरे, रंग, दातांवरून वय, आवाज, गंध, चाल, सावली. राजाला कोणता घोडा लाभेल, कोणता बाधेल. मग आहार, ऋतुचर्या. मग रोग. व्रणांचा विचार आहे, पायाच्या रोगांचाही आहे, पण त्यातला शल्याचा कणा माणसांच्या वैद्यकाचाच. आणि तो कणा मुळीच कच्चा नाही. सुश्रुताने व्रणाचे जे साठ उपक्रम सांगितले त्यांत उत्सादन आणि अवसादन अशी जोडी आहे. खोल गेलेली जखम भरून वर आणायची ते उत्सादन, वर आलेले मांस खाली बसवायचे ते अवसादन. दुसऱ्या उपक्रमाची द्रव्ये पाहिली तर हिराकस, सैंधव, मनशीळ अशी दाहक आणि खरखरीत. घोड्याच्या पायावर फुगणाऱ्या मांसाला अवसादनाइतके नेमके नाव सापडणे कठीण. पुढे सालोत्र्यांनी आणि गावठी जाणकारांनी मोरचूद वापरला तोही याच तर्काने. दाहक द्रव्य वाढलेले मांस जाळते हे खरे. अडचण अशी की ते कडेची नवी कातडीही जाळते, आणि मग जखम पुन्हा पहिल्या पानावर येते. तूप आणि मध यांचे उलट झाले. सुश्रुताच्या व्रणचिकित्सेतला नित्याचा मध अलीकडे सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम घोड्यांच्या पायांवरच्या जखमांना लावून पाहिला, आणि सुरुवातीच्या दिवसांत त्या जखमा कमी फाकतात असे त्यांना आढळले. जुन्याचे सगळेच खरे किंवा सगळेच खोटे असा निवाडा करू पाहणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

पंचकल्याणीचे उदाहरण याहून बोलके आहे. पांढऱ्या पायाखाली कातडी गुलाबी असते, तिच्यात रंगद्रव्य नसते, आणि अशी कातडी चिखलाने व उन्हाने लवकर फुटते. भातलावणीत आपल्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तसाच काहीसा प्रकार खुरावरच्या खळगीत होतो. तिथे भेगा पडतात, खपल्या धरतात, पाय सुजतो. म्हणजे ग्रंथाने ज्या घोड्याला पाच ठिकाणी कल्याणाची खूण दिली, त्याच्या चार खुणा पावसाळ्यात चार दुखणी होऊ शकत. हे पागेत काम करणाऱ्याला ठाऊक नसेल हे संभवत नाही. पण ग्रंथ लिहिणारा आणि पाय धुणारा ही दोन माणसे होती.

ही दोन माणसे वेगळी राहावीत यात कुणाकुणाचा फायदाही होता. कोकणच्या बंदरांकडे पाहिले की ते दिसते. घोडा इथल्या मातीतला नव्हे. तो इराण-अरबस्तानातून गलबतांनी यायचा आणि घाट चढून देशावर जायचा. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याची हकिगत दिली आहे: इथल्या राजाने चाच्यांशी करार केला होता, लुटीत जे घोडे सापडतील ते सगळे राजाचे. कोरोमंडल किनाऱ्याविषयी त्याने लिहिले ते तर विलक्षण आहे. तिथे दरवर्षी हजारो घोडे विकले जात आणि वर्ष संपता संपता बहुतेक मेलेले असत, कारण त्यांची निगा राखणारे कुणी नव्हते. आणि घोडे आणणारे व्यापारी नालबंदांना मुद्दाम तिकडे जाऊ देत नसत. घोडे जगले तर पुढच्या वर्षी खपणार कसे? पोलोची प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी घ्यावी असे कुणी म्हणणार नाही, पण या गोष्टीतला हिशेब खोटा वाटत नाही. विजयनगरचा इतिहास लिहिणाऱ्या फेर्नांव नूनिशने साळुव नरसिंहाविषयी सांगितले आहे की तो समुद्रात मेलेल्या घोड्याचेही पैसे मोजत असे, व्यापाऱ्याने फक्त शेपूट आणून दाखवायचे. शेपटाला भाव होता. पायाची जखम बांधणाऱ्याच्या मजुरीचा उल्लेख मात्र या प्रवाशांनी केलेला माझ्या वाचनात नाही.

रशियन व्यापारी अफानासी निकितिन १४७० च्या आसपास चौलला उतरला तो एकच घोडा घेऊन. आपल्याच जिल्ह्यातले हे चौल. तिथून घाट चढून तो जुन्नरला गेला, तिथल्या अधिकाऱ्याने घोडा अडकवून ठेवला, धर्म बदल नाहीतर घोडा विसर असे बजावले, आणि एका मुसलमान सरदाराच्या मध्यस्थीने घोडा परत मिळाला. हा प्रसंग सगळे सांगतात. मला त्यातले दुसरेच वाक्य लक्षात राहते: घोडा जुन्नरला धडधाकट पोचला, याबद्दल त्याने देवाचे आभार मानले आहेत. समुद्रप्रवासात हिंदकळलेला, पायांत जोर न उरलेला घोडा खडकाळ घाटातून चढवणे म्हणजे काय, हे त्या आभारांत आहे.

मराठ्यांनी या महागड्या परदेशी घोड्याला उत्तर दिले ते भीमथडीच्या तट्टांनी. भीमेच्या काठची ही बुटकी, काटक जनावरे अरबांपुढे दिसायला सामान्य, पण लांबच्या मजलांना आणि कमी दाण्याला पुरून उरणारी. त्यांच्या काटकपणाचे वर्णन इतके झाले आहे की त्याचा अर्थ विचारण्याचे आपण सोडून दिले. इथे शरीरशास्त्रातली एक अलीकडची गोष्ट उपयोगी पडते. हॉलंडमधल्या उत्रेख्त विद्यापीठात यासिंता विल्मिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस घोडे आणि तट्टे यांच्या जखमा शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. तट्टांच्या जखमा लवकर भरल्या. कारण सुरुवातीचा दाह त्यांच्यात अधिक जोरकस असतो आणि वेळेत ओसरतो, आणि जखम आकसण्याची क्रिया अधिक चांगली चालते. मोठ्या घोड्यांत दाह मंद आणि रेंगाळणारा. ही तपासणी युरोपातल्या तट्टांची होती, भीमथडीची नव्हे. तरीही, मराठ्यांचा वेग हा घोड्याच्या धावण्याइतकाच त्याच्या बरे होण्याचाही असावा, असा तर्क करण्याचा मोह मला आवरत नाही.

अर्थात नुसत्या जातीवर फौज उभी राहत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींच्या पागेची रचना सांगितली, तिच्यात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचविसांमागे एक पखालजी व एक नालबंद. बखरीत लढाया, मसलती, मानपान पानोपानी आहेत. नालबंद एका आकड्यापुरता आहे. पण आकडा वाचता आला तर तोही बोलतो. पंचवीस घोडे म्हणजे शंभर खूर. नाल साधारण पाच-सहा आठवड्यांनी उपसून, खूर तासून, पुन्हा ठोकावे लागतात. म्हणजे या माणसाच्या मांडीवर रोज सरासरी अडीच-तीन पाय येत, सुट्टी न घेता. पागेतला प्रत्येक पाय सव्वा महिन्यात एकदा तरी ज्याच्या हातात येतो असा तो एकमेव मनुष्य. नळीला आलेली ऊब, कंडरेवरची बारीक सूज, गवतात लपलेला चिरा, हे प्रथम त्याच्याच हाताला कळणार. साळोत्री मोठ्या सरदाराच्या पागेत असेल; मोहिमेवर पंचवीस घोड्यांच्या तुकडीबरोबर हा होता. जखमा त्यानेच बांधल्या असणार असे मी समजतो. त्याचे नाव नाही, आणि त्याने काय लावले तेही नाही. त्याने ठोकलेला नाल मात्र आपण शुभ म्हणून उंबरठ्यावर ठोकला. इथेही वस्तूचा उपयोग गेला आणि शकुन उरला.

महाराजांचे एक पत्र मात्र या सगळ्याला अपवाद आहे. इ.स. १६७४ च्या (काही अभ्यासकांच्या मते १६७३ च्या) मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, चिपळूणच्या मुलखात छावणी करून असलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेले आहे. रयतेला उपद्रव न देण्याची ताकीद म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि शाळेपासून आपण त्याकडे रयतेच्या बाजूने पाहत आलो. पागेच्या बाजूने वाचले तर तो एक आजार टाळण्याचा आराखडा आहे. साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळली तर भर पावसात मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही रयतेला उपद्रव द्याल. कोणी आगटी करील, कोणी चिलीम ओढील, कोणी दिवा जळता ठेवून निजेल, आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवताला आग लागली की वैरण गेली, आणि मग घोडीही वाचणार नाहीत. राजाच्या गद्यात उंदीर आणि वात येतात ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातली मोठी घटना आहे, असे मला वाटते. इतका खालपर्यंत, जमिनीच्या पातळीपर्यंत उतरलेला डोळा आपल्या राजकीय लेखनात विरळाच.

त्या पत्रात जखमांचा शब्द नाही. पण चिपळूणसारख्या ठिकाणी पावसाळा काढणाऱ्या घोड्याला कशाची भीती होती ते आता आपल्याला कळते. ओल्या जमिनीवर, साचलेल्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या घोड्यांच्या पायांवर पावसाळ्यात न भरणाऱ्या, पसरत जाणाऱ्या जखमा होत. उत्तरेकडे त्यांना ‘बरसाती’ म्हणत. इंग्रज पशुवैद्यांना त्या इतक्या चकवत राहिल्या की हाच शब्द वेगवेगळ्या स्पेलिंगांनी त्यांच्या ग्रंथांत गेला, आणि एकोणिसाव्या शतकभर हा कर्करोग, की बुरशी, की रक्तदोष असा वाद चालला. हे एकच दुखणे नव्हते. काही जखमांत माशीने आणून सोडलेल्या हॅब्रोनेमा या कृमीच्या अळ्या असतात. काहींत साचलेल्या पाण्यात वाढणारा, बुरशीसारखा दिसणारा पण बुरशी नसलेला जीव, ज्याला पिथियम इन्सिडिओसम हे नाव १९८७ मध्ये मिळाले. पहिल्यासाठी माशी आवरायची, दुसऱ्यासाठी घोड्याला पाण्याबाहेर ठेवायचे आणि गाठ लवकरात लवकर कापून काढायची. ज्या भाषेने त्या जखमांना ऋतूचे नाव दिले तिने कारण ओळखले नव्हते, पण वेळ अचूक ओळखली होती.

पेशवाईची गंमत अशी की सत्ता कोकणातल्या घराण्याची आणि बळ देशावरच्या घोड्याचे. हरिहरेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार पहिल्या बाजीरावाने १७२३ मध्ये केल्याचे सांगतात, पण हे कुलदैवत आणि श्रीवर्धन हा मूळ गाव जंजिऱ्याच्या सिद्दीच्या टापूत होते, आणि १७३३ च्या मोहिमेत त्या जलदुर्गापुढे घोडदळ काय करणार होते? पालखेडला निजामाला जेरीस आणणारे पाय इथे वाळूत थांबले. श्रीवर्धन जंजिरा संस्थानात राहिले ते थेट १९४८ पर्यंत.

१८१८ नंतर पागा मोडल्या. सालोत्री हा शब्द इंग्रजांच्या देशी रिसाल्यांत शिरला आणि हुद्दा झाला. पुण्यात १८६२ साली लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पदवीधर आले आणि सालोत्री हा शब्द अडाण्यासाठी वापरला जाऊ लागला. या बदलाकडे केवळ हळहळून पाहणे मला मान्य नाही. लंगड्या घोड्याच्या कंडरेवर तापलेल्या लोखंडाने डाग द्यायची रीत आपल्याकडेही होती आणि युरोपातल्या शिकलेल्या वैद्यांतही होती. शतकानुशतके दोघांनीही ती निष्ठेने चालवली. १९८३ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने दाखवून दिले की डागण्याने कंडरा बरी होत नाही. घोडा बरा होतो तो सक्तीच्या विश्रांतीने. तोंडी परंपरेला स्वतःची अशी चूक सापडणे कठीण, कारण डागलेला घोडा बरा झाल्याचेच सगळ्यांना आठवते. पण जे बरोबर होते तेही लिहिले न गेल्याने चुकीबरोबरच वाहून गेले. परशुराम कृष्ण गोडे यांनी भांडारकर संस्थेत बसून घोड्यांना हरभरा केव्हापासून घालू लागले आणि रिकीब केव्हा आली, यावर संशोधनपर लेख लिहिले. कोकणातल्या देवरुखच्या या संशोधकाला हे प्रश्न क्षुल्लक वाटले नाहीत. नालबंदाच्या औषधी बटव्याविषयी कुणीतरी तशाच चिकाटीने मोडी कागद उलगडायला हवेत. पागेचे जमाखर्च आहेत. तेल, हळद, मोरचूद, जुने कापड या नोंदी कुठे ना कुठे तोळ्यामाशांत पडलेल्या असणार.

पुळणीवरच्या त्या घोडीच्या मालकाला मी विचारले, मामा, पट्टी कशाची? तार लागली कुंपणाची, तो म्हणाला. रोज उकळलेल्या मिठाच्या पाण्याने धुतो, एक दिवसाआड पट्टी बदलतो. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी धनुर्वाताची सुई दिली आहे आणि पंधरा दिवस कुणाला बसवू नका म्हणून सांगितले आहे. समुद्राचे पाणी समोर असताना उकळायचे कशाला, असे विचारल्यावर त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिले. “दर्याचं पाणी दिसतं तेवढं स्वच्छ नसतं. वाळू आत गेली की बसला पाय.” घोडीला देवमण आहे का, हे विचारायचा मोह मला झालाच. त्याने तिची मान किंचित वर उचलली आणि गळ्याखालचा भोवरा बोटाने दाखवला. “आहे ना. घेताना मला दाखवला होता. मी पाय बघत होतो.” मग तो खाली वाकला आणि पट्टीच्या खाली दोन बोटे सरकवून ती फार आवळलेली नाही ना, ते पाहू लागला.